हरण्यात तरबेज

लग्नाच्या बायोडाटातले बाकीचे रकाने दादाच्या घरी एका बैठकीत भरून झाले. उंची पाच फूट नऊ, वर्ण गव्हाळ, शिक्षण बी. कॉम., मामेकुळ साताऱ्याकडचं, अपेक्षा अनुरूप. 'व्यवसाय' या रकान्याशी मात्र घर अडलं. आईचं म्हणणं, 'क्रीडा क्षेत्र' लिहावं, भारदस्त दिसतं. वडील बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. ज्याची पावती नाही ती रक्कम त्यांनी आयुष्यात जमेला धरली नव्हती. ते म्हणाले, "क्रीडा क्षेत्र लिहिलंत की लगेच पगार विचारतील. मग काय सांगणार? मंगळवारी अकराशे आले, बुधवारी सातशे गेले?" शेवटी 'स्वतंत्र' असं लिहिलं. एका मुलीकडच्यांनी फोनवर अदबीने चौकशी केली, "स्वतंत्र म्हणजे वकिली का?" आई म्हणाली, "तसंच काहीसं. उभं राहूनच काम असतं."

असा एक दादा पुण्यातल्या प्रत्येक पूल पार्लरात असतो. कर्वेनगरात असतो, वाकडला असतो, विमाननगरला असतो; ठाण्यात आणि नाशकातही असणारच. वय पस्तिशीच्या आसपास. पोरं त्याला प्रेमाने 'दादा' म्हणतात आणि त्याच्याशी खेळायचं टाळतात. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. हनुवटीच्या बरोबर मध्यावर क्यूची काठी घासून घासून पडलेली एक फिकट रेघ, आणि बोटांच्या पेरांत शिरून बसलेलं निळं चॉक, जे साबणाने जात नाही आणि सणासुदीला फोटोत येतं. तिसरी खूण वागण्यातली. त्याला वस्तू दिसत नाहीत, कोन दिसतात. चौकात रिक्षा वळली की तो "फार थिन घेतला" असं पुटपुटतो. लग्नाच्या बुफेत सगळे सरळ रेषेत घुसत असताना हा भिंतीकडून, आइस्क्रीमच्या बाजूने, दोन कुशन घेऊन बरोबर गुलाबजामांसमोर निघतो.

"यावर पोट भरतं का?" हा प्रश्न त्याला जो भेटेल तो विचारतो. भरतं. फक्त चांगलं खेळून भरत नाही. डेंटिस्ट हुशार आहे असं कळलं की दवाखान्याबाहेर चपलांची रांग लागते. पूलवाला हुशार आहे असं कळलं की पार्लर रिकामं होतं. कारण पार्लरातला कायदा एकच, 'लूजर पे'. हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे. तासाचे दोनशे, चहा वेगळा, आणि कोणाची हौस असेल तर फ्रेममागे वर शंभराची नोट. आपण हरणारच अशी खात्री असताना हे कोण करील? म्हणून समोरच्याला सतत वाटत राहिलं पाहिजे की आज थोडक्यात गेलं, उद्या नक्की. दादाची सगळी मिळकत या 'थोडक्यात'वर उभी आहे.

बघणाऱ्याला वाटतं, मुद्दाम चुकण्यात काय मोठंसं. त्याने एकदा प्रयत्न करून बघावा. पूलचा बॉल सव्वादोन इंचांचा आणि पॉकेटचं तोंड जवळजवळ पाच इंचांचं. ज्याच्या हाताला वर्षानुवर्षं बॉल आत घालायचीच सवय लागली आहे, त्याला एवढ्या भगदाडात तो न घालणं हेच जड जातं. शिवाय नुसतं चुकून भागत नाही, चूक घरंदाज दिसावी लागते. बॉल पॉकेटच्या जबड्यात दोनदा खडखडून बाहेर यावा. दादाने "अरे यार!" म्हणून क्यूच्या टिपेकडे संशयाने बघावं. आणि तोवर पांढऱ्या बॉलने शहाण्यासारखं अशा जागी जाऊन थांबावं की समोरच्याला एक सोपा पॉट मिळेल, दुसरा मिळणार नाही. त्यासाठी कुठे स्क्रू मारून पांढरा मागे ओढायचा, कुठे साइड देऊन वळवायचा. एक फ्रेम दोन बॉलांनी हरायला दादाला जेवढी पोझिशन खेळावी लागते तेवढी जिंकायला कधीच लागत नाही.

त्याची स्वतःची क्यू मेपलची, दोन तुकड्यांची, चामडी केसमधली. ती घरी माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी असते आणि साधारण मखराइतकीच वापरली जाते. धंद्याला निघताना तो रिकाम्या हाताने निघतो. पार्लरातल्या भिंतीवरच्या क्यू सगळेच जण टेबलावर लोळवून बघतात आणि त्यातली सरळ निवडतात. दादाही लोळवतो. सगळ्यांत जास्त उड्या मारणारी उचलतो.

ही विद्या त्याला एका जिमखान्याच्या मार्करने दिली. हल्लीच्या पोरांनी मार्कर पाहिलेला नाही. हा क्लबाचा पगारी माणूस. बोर्डावर पॉइंट मांडायचे, बॉल पुसून स्पॉटवर ठेवायचे, टेबलाला ब्रश आणि मग इस्त्री फिरवायची, मेंबराचा हात पोचला नाही की रेस्ट पुढे करायचा, आणि मेंबराला जोडीदार नसेल तर त्याच्याशी खेळायचं. दादाच्या आळीत राहणारा हा मार्कर जिमखान्यातल्या कुठल्याही मेंबरापेक्षा चांगला खेळायचा आणि कुठल्याही मेंबराकडून हरायचा. दुपारच्या सामसुमीत तो शाळकरी दादाला मागच्या दाराने आत घ्यायचा आणि पॉट शिकवता शिकवता व्यवहारही शिकवायचा. कर्नलसाहेबांकडून पाच पॉइंटांनी हरावं. त्याहून जास्त फरक पडला तर त्यांना वास येतो. डॉक्टरांना शेवटचा काळा मारू द्यावा, मग ते आठवडाभर पेशंटांशी प्रेमाने वागतात. वकिलांकडून हरताना थोडी हुज्जत घालावी, नाहीतर त्यांना जिंकल्यासारखं वाटत नाही. आणि दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात कोणालाही हरवू नये.

अशी हयात काढलेल्या त्या माणसाने फक्त एकदा, निवृत्तीच्या दिवशी, मन मोकळं केलं. क्लबाच्या सेक्रेटरींशी खेळताना पहिल्या लालपासून शेवटच्या काळ्यापर्यंत अख्खं टेबल एका दमात साफ केलं आणि क्यू भिंतीला लावली. सेक्रेटरींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "आज नशीब जोरात होतं हं तुझं!"

दादाचं निम्मं उत्पन्न हाताचं आणि निम्मं तोंडाचं. गिऱ्हाईक दोन फ्रेम हरून घड्याळाकडे बघू लागलं की तो चॉक लावता लावता इतिहास काढतो. स्नूकर हा खेळ आपल्याकडचाच, १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या फौजी अधिकाऱ्याने बसवला. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला तो चेंबरलेन वेगळा, हेही दादा न विचारता सांगतो. कुठल्याही खेळातला भारताचा पहिला जगज्जेता कोण? गिऱ्हाईक हमखास एखाद्या क्रिकेटवाल्याचं नाव घेतं. दादा हसतो. विल्सन जोन्स! जन्म पुण्याचा. १९५८ साली कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचं विश्वविजेतेपद, आणि १९६४ साली परत. पंकज अडवाणीचा जन्मही पुण्याचाच, मग तो बंगळुरूला गेला. हे शेवटचं वाक्य दादा अशा सुरात म्हणतो की बंगळुरूने काहीतरी पळवून नेलं आहे. एवढं होईपर्यंत तिसरी फ्रेम लागलेली असते.

मायकेल फरेरांची गोष्ट मात्र तो वडिलांसमोर सांगत नाही. मुंबईचे फरेरा तीन वेळा हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते. १९८१ साली त्यांनी पद्मश्री नाकारली. सुनील गावसकरांना पद्मभूषण, मग मला का नाही, असा त्यांचा सवाल होता. दोनच वर्षांनी त्यांना पद्मभूषण मिळालं. दादाला या गोष्टीत बाणा दिसतो. वडिलांना त्यात एवढंच दिसतं की जगज्जेता झाला तरी हक्काचं मागायला भांडावं लागतं, आणि आमच्या चिरंजीवांचा तर शेजारच्या सोसायटीतही नंबर नाही.

वडिलांनी याची पुरती चौकशी करून ठेवली होती. भारतात क्यू हातात धरणाऱ्याला महिन्याच्या महिन्याला पैसे कुठून येतात? बक्षिसातून नव्हे. तेल कंपनीतून. नावाजलेले खेळाडू सरकारी तेल कंपन्यांत नोकरीला असतात आणि राष्ट्रीय स्पर्धेत पेट्रोलियम क्रीडा मंडळाकडून खेळतात. त्यांच्या कात्रणांवर वडिलांनी लाल पेनाने कंपनीच्या नावाखाली रेघा ओढल्या. "तुमच्या खेळाला पेट्रोल लागतं," ते म्हणाले, "ते भरून घ्या आधी."

दादा राज्याच्या निवड चाचणीला गेलाही. तिथे खेळायचं स्नूकर. बारा फूट बाय सहा फुटांचं टेबल, पॉकेट साडेतीन इंचांच्या आतबाहेर. पूलवर वाढलेल्याला ते टेबल बघूनच तहान लागते. तरी दादा चांगला खेळला. निर्णायक फ्रेममध्ये फक्त काळा राहिला होता, तोही सरळ. दादाने क्यू ओढली, बॉल पॉकेटच्या जबड्यात दोनदा खडखडला आणि बाहेर आला. दादा "अरे यार!" म्हणाला आणि टिपेकडे संशयाने बघू लागला. परीक्षकांना वाटलं, नशीब. मला विचाराल तर ते नशीब नव्हतं, सराव होता. रोज सहा तास जे केलं तेच हाताने इमानाने केलं. वडिलांनी पेट्रोलची कात्रणं फायलीतून काढून रद्दीत घातली. रद्दीची पावती घेतली.

बाहेर देशात तरी या धंद्याची शान असेल, अशी माझी समजूत होती. दादानेच ती घालवली. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस हा त्याचा देव. दादाच्या मोबाइलच्या पडद्यावर त्याचाच फोटो आहे. जादूगार म्हणतात त्याला. १९८५ साली हा अमेरिकेत ह्यूस्टनला खेळायला गेला तो सेसार मोरालेस असं खोटं नाव घेऊन. कारण खरं नाव कानोकानी तिथवर पोचलं होतं आणि खऱ्या नावाने पैसे लावायला कोणी उभं राहिलं नसतं. स्पर्धा जिंकला. म्हणजे जगातला सर्वांत मोठा कारागीर, आणि दुकानावर पाटी दुसऱ्याची. हाच रेयेस पुढे १९९९ साली कार्डिफला नाइन-बॉलचा विश्वविजेता झाला आणि २००६ साली अमेरिकेत रीनोच्या स्पर्धेत पहिला आला. बक्षीस पाच लाख डॉलर! पूलच्या इतिहासात असा आकडा कोणी ऐकला नव्हता. स्पर्धा संपल्यावर आयोजकांनी खेळाडूंना कळवलं की पैसे हप्त्याहप्त्याने देऊ. दादा ही गोष्ट सांगताना पार्लरच्या मालकाकडे बघतो. मालक त्याचे मागच्या महिन्यातल्या स्पर्धेचे तीन हजार अजून हप्त्यांनीच देतो आहे.

अमेरिकेतली त्याची दुसरी आवडती जोडी विली मॉस्कोनी आणि मिनेसोटा फॅट्स. मॉस्कोनी खरा चॅम्पियन. १९५४ साली ओहायोतल्या स्प्रिंगफील्डला एकही न चुकवता लागोपाठ ५२६ बॉल घातले. फॅट्स हा गोल पोटाचा, गोड जिभेचा गृहस्थ. १९६१ साली 'द हसलर' सिनेमा आला, त्यात मिनेसोटा फॅट्स नावाचं पात्र होतं. याने जाहीर केलं की तो मीच, आणि पुढे आयुष्यभर त्या नावावर खाल्लं. १९७८ साली दोघं टीव्हीवर समोरासमोर आले. मॉस्कोनीने फॅट्सला सहज हरवलं, आणि लोक फॅट्सची बडबड ऐकून हसत घरी गेले. दादाने यातून काय घ्यायचं ते घेतलं. सरावाचा तास कमी केला आणि किस्से वाढवले.

गिऱ्हाइकांचे प्रकार हा दादाचा अभ्यासाचा विषय आहे. इंजिनीअरिंगची पोरं त्याच्या उपयोगाची नाहीत. ती हुशार असतात, उसनवारीवर जगतात आणि हरली की टेबलाचे पैसे पाच जणांत वाटून देतात, त्यातले दोघे ऑनलाइन पाठवतो म्हणून जातात. खरं पीक हिंजवडीहून येतं. आयटीतला माणूस शुक्रवारी रात्री येतो. त्याने मोबाइलवर पूलच्या शेकडो फ्रेम जिंकलेल्या असतात. तिथे बॉल कुठे जाणार याची पांढरी रेघ आधीच दिसते. खऱ्या टेबलावर तो वाकतो, बराच वेळ थांबतो, आणि कापडावर रेघ शोधत राहतो. दादा त्याला कधीच मोठ्या फरकाने हरवत नाही. "तुमचा अँगल बरोबर होता सर, टेबलच ओलं आहे," म्हणतो. पावसाळ्यात हे खरंही असतं. दमट हवेत कापड जड होतं, बॉल दहा पावलं आधी दमतात, आणि जून ते सप्टेंबर दादाच्या प्रत्येक चुकीला सरकारमान्य कारण असतं.

दुसरा प्रकार बिल्डरच्या मुलाचा. याची क्यू दादाच्या वर्षभराच्या मिळकतीची, हातात एका बोटाला भोक असलेला मोजा, आणि ब्रेक असा मारणार की एक बॉल शेजारच्या टेबलावर जाऊन तिथला काळा पाडतो. त्याला जिंकलं की आनंद आणि हरलं की उत्साह येतो. असं गिऱ्हाईक दादा मार्करच्या तत्त्वावर सांभाळतो: तीन घ्यायच्या, एक द्यायची, आणि दिलेल्या एकीचं कौतुक पार्किंगपर्यंत करायचं.

पोलिसांची ये-जा असते. फ्रेममागे शंभराची नोट फिरते हे चौकीला ठाऊक असतं. दादाने या विषयापुरता कायदा वाचला आहे. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला लागू होत नाही, असं तो साध्या वेशातल्या हवालदाराला एकदा समजावून सांगत होता. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. मग क्यू उचलली, एक शॉट मारला, पांढरा सरळ पॉकेटात गेला. "यात कौशल्य कुठे दिसतंय?" तो म्हणाला. दादा निरुत्तर झाला.

तरी घरात दरमहा जे काही येतं त्याचा हिशोब मी एकदा वडिलांच्या वहीत पाहिला. कॅशियरने ठेवलेली वही. तिला खोटं बोलता येत नाही. फ्रेम जिंकून आलेली रक्कम त्यात सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत बारीक अक्षरात होती. वर होतं ते सगळं मिस्त्रीकाम. टिपा बदलणं: जुनी खरवडून काढायची, नवी चिकटवायची, रात्रभर दाबून ठेवायची, सकाळी कानशीने घुमटासारखी घासायची. टेबलाला नवं कापड ताणणं. आणि सगळ्यांत मोठं उत्पन्न नव्या सोसायट्यांच्या क्लबहाउसमधून. पुण्यात फ्लॅट विकायचा तर जाहिरातीत पोहण्याचा तलाव आणि पूल टेबल लागतंच. टेबल येतं, पहिल्या महिन्यात मुलं त्यावर चढून सेल्फी काढतात, दुसऱ्या महिन्यात कोणीतरी त्यावर वाढदिवसाचा केक कापतं, तिसऱ्या महिन्यात दादाला फोन जातो. तो लेव्हल घेऊन जातो, खालची स्लेट सरळ करतो, केकचे डाग काढतो, आणि सोसायटीच्या चेअरमनकडून एक फ्रेम हरून येतो, म्हणजे पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट पक्कं. वडिलांनी हे उत्पन्न ठळक लिहिलं आहे. याची पावती असते.

पण हा माणूस मिस्त्री आहे असं कोणी म्हटलं तर दादा दुखावतो. मी प्रोफेशनल आहे, म्हणतो. त्याचा खरा कस लागला तो मागच्या श्रावणात, आणि त्या वेळी सुदैवाने मी हजर होतो.

संध्याकाळी एक पाहुणा आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. कोल्हापूरहून कंपनीच्या कामाला आलो म्हणाला. "कॉलेजात थोडंफार खेळायचो," तो म्हणाला. दादाने विनयाने सांगितलं, "मीही नुसता टाइमपास करतो." दोघे क्यू निवडायला भिंतीशी गेले. दोघांनी चार-चार क्यू लोळवून पाहिल्या आणि दोघांचे हात एकदमच त्या एका सगळ्यांत वाकड्या क्यूवर पडले.

"घ्या, तुम्ही घ्या."

"छे, छे, तुम्ही पाहुणे."

फ्रेममागे शंभर ठरले. पाहुण्याने ब्रेक मारला. काही पडलं नाही. दादाने एक सोपा पॉट घेतला आणि दुसरा जबड्यात खडखडवला. "अरे यार!" पाहुण्याने सोपा पॉट घेतला आणि दुसरा जबड्यात खडखडवला. "च्यायला!" दादाने त्याच्यासाठी पॉकेटाच्या तोंडाशी बॉल ठेवला, पाहुण्याने तो इतका हळू मारला की तो कडेवर येऊन थांबला. दादाने तसाच आपला थांबवला. अर्ध्या तासाने सहाही पॉकेटांच्या तोंडाशी एकेक बॉल दाराशी पाहुणे खोळंबावेत तसा उभा होता आणि आत कोणी जात नव्हतं. पोरं आपापली टेबलं सोडून भोवती जमली. एकाने विचारलं, "दादा, हा नवा गेम आहे का?"

पहिली फ्रेम पन्नास मिनिटं चालली आणि शेवटी दादाला जिंकावी लागली, कारण पाहुण्याने काळ्याबरोबर पांढराही आत घातला आणि दोन्ही हात कपाळाला लावले. दुसऱ्या फ्रेमला दादाने हीच युक्ती आधी वापरली. तिसरी दादाच्या गळ्यात पडली, चौथी पाहुण्याच्या. दोन-दोन. इतकं देखणं खराब पूल मी पाहिलेलं नाही. प्रत्येक चूक बघून घ्यावी अशी. मालक गल्ल्यावरून उठून आला, पंखा वाढवला, दोघांना न मागता चहा पाठवला. त्याच्या टेबलाला असा सलग धंदा दिवाळीच्या सुट्टीतही मिळत नाही.

चौथी फ्रेम संपल्यावर दोघांनी चॉक उचललं, दोघांनी छताकडे बघितलं आणि दोघे एकाच सुरात म्हणाले, "आता जरा मजा म्हणून पाच हजार लावू या का?"

मग कोणीच काही बोललं नाही. पाहुण्याची नजर दादाच्या हनुवटीवरच्या रेघेवर गेली. दादाची त्याच्या हनुवटीवर आधीच पोचली होती.

"कोणाकडे शिकलात?" पाहुण्याने विचारलं.

"मार्कर होते एक. तुम्ही?"

"मार्करच."

दोघे बाकड्यावर बसले. कोल्हापुरात कापडाचा काय भाव चालला आहे, टिपा कुठून मागवता, सोसायट्यांचं काम तिकडे आहे का, अशी बोलणी सुरू झाली. तेवढ्यात मालक चिठ्ठी घेऊन आला. तीन तासांचे सहाशे, चार चहा, एक बन मस्का.

"कोण हरलं?"

"हे," दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"दोन-दोन आहे ना?"

"दोन-दोन कसं?" पाहुणा उसळला. "पहिल्या फ्रेमला मी पांढरा मुद्दाम घातला. अशी फ्रेम धरत नाहीत."

"मग दुसरीत मी काय केलं?" दादा उभा राहिला. "माझा तो पांढरा सगळ्या पोरांनी पाहिलाय. विचारा! माझ्या दोन्ही फ्रेम चोख आहेत, मी जिंकलोय."

पोरांची साक्ष काढली गेली. पोरं फितूर झाली. निम्मी इकडे, निम्मी तिकडे. अखेर मालकाने निवाडा दिला, निम्मं-निम्मं. पाहुण्याने मोबाइलवर हिशोब केला, दादाने तो वडिलांच्या पद्धतीने कागदावर पडताळून पाहिला, आणि खिशात हात घालता घालता थांबला.

"बन मस्का माझा नाही," दादा म्हणाला.